एका कुळीचे दगड

भाच्यानं बॅगेतून आधी दगड काढला, मग बाटली. दगड मुठीएवढा, काळा, अंगभर बारीक छिद्रं असलेला. बाटली गडद हिरव्या काचेची, लाल वाइनची. दोन्ही वस्तू त्यानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या. ८४ वर्षांच्या आईनं बाटलीकडे पाहिलंच नाही. तिनं दगड उचलला, अंगठा फिरवून चाचपला आणि म्हणाली, "हा त आपल्या पाट्याचाच दगड आहे बापा. एवढ्या दुरून कायले आणला?"

भाचा सिसिलीतल्या कातानिया शहरात नोकरी करतो. शहराच्या डोक्यावर एटना उभा आहे, युरोपातला सर्वांत मोठा जागता ज्वालामुखी. त्याच्या उतारावर एका मळेवाल्याकडे हा सुटीत जातो, द्राक्षतोडीला हात लावतो. निघताना त्या मळेवाल्यानं बाटली दिली आणि बांधावरचा एक दगड उचलून हातात ठेवला, दोन्ही एकमेकांवाचून अपुरे असल्यासारखे.

मी तो दगड परसात नेला. न्हाणीजवळ आमचा जुना पाटा भिंतीला टेकवून उभा असतो. त्याच्यापाशी दगड धरला. पाटा घट्ट, गुळगुळीत, कित्येक वर्षांच्या चटण्यांनी मधोमध खोलगट झालेला. हा नवा दगड हलका आणि जाळीदार. तरी काळेपण एकच होतं. आईला भूगर्भशास्त्राचं नाव ठाऊक नाही, पण तिच्या अंगठ्यानं ओळखलं ते खरं होतं. दोघंही एकाच कुळीचे होते.

त्या बाटलीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात सोपा नव्हता. आजोबा माळकरी. शेगाव आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात. गजानन महाराजांचं नाव घेतल्याशिवाय घरात चूल पेटत नसे. दारू हा शब्द आमच्याकडे शिवी होता, आणि त्याला कारणही होतं. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. एके वर्षी सहल ठरली, तेव्हा पाचवीतली एक मुलगी रोज दोन-पाच रुपये आणून माझ्या हातात देई. "बाई, तुमच्याजवळच ठेवा. घरी ठेवले की बाबा पिऊन टाकतात." ते पैसे मी रुमालात बांधून कपाटात ठेवायची. सहलीच्या दिवशी तो रुमाल सोडताना मला जे वाटलं, ते कुठल्याही काचेच्या पेल्यानं पुसलं जाणार नाही. म्हणूनच आपल्या राज्यात गावच्या बायकांना दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं, निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप लागतं, याचा मला फार आधार वाटतो.

हे सगळं मनात असताना मी भाच्याला म्हटलं, "आणलीस ती ठेव. पण आधी मला समजावून सांग. ही त्या डोंगराची वस्तू आहे म्हणतोस, ती कशी?" तो म्हणाला, "मावशी, सांगून कळणार नाही. उद्या लोणारला जाऊ या."

लोणार आमच्या गावापासून जवळ. शाळेची पोरं घेऊन मी कितीदा तिथं गेले असेन. काठावरून खाली पाहिलं की सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते गोल विवर, तळाशी हिरवट पाणी, उतारावर झाडी आणि जुन्या देवळांचे कळस. १८२३मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. त्यानंतरही बराच काळ अनेक जाणकार याला ज्वालामुखीचं मुखच समजत राहिले. आकार तसा, दगड तसा, म्हणजे इथूनच लाव्हा आला असणार, असा तो सरळ हिशेब. पुढं १९७०च्या दशकात खडकांचा बारकाईनं अभ्यास झाला. प्रचंड आघातानंच तयार होणारी काच त्यांत सापडली आणि हे विवर आकाशातून पडलेल्या अशनीनं खोदलं हे पक्कं झालं. बेसॉल्टच्या खडकात इतकं चांगलं टिकलेलं आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या जमिनीचा अभ्यास करणारे लोक म्हणून इथं येतात. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश लोणारकडे बघत होता. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची ती किमया होती. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला.

पण त्या दिवशी मी पाण्याकडे पाहिलं नाही, कडांकडे पाहिलं. अशनीनं जमीन फाडली म्हणून आतले थर उघडे पडले आहेत. एकावर एक, पायऱ्यांसारखे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर २ किलोमीटरच्या आसपास जाड, आपल्याकडे वऱ्हाडात येईतो पातळ होत आलेले. म्हणजे लोणार ज्वालामुखी नसला, तरी ज्या दगडात ते खोदलं गेलं तो ज्वालामुखीचाच. दैत्यसूदनाच्या देवळातला दगड तोच, सिंदखेडराजाच्या राजवाड्यातला तोच, आणि आईचा पाटाही तोच.

भाचा म्हणाला, "एटना म्हणजे आपल्या जमिनीचं लहानपण आहे, मावशी. आपल्या लाव्ह्याला सहा कोटी वर्षं पाऊस लागला, ऊन लागलं, म्हणून त्याची काळी माती झाली. तिकडचा लाव्हा अजून दगडच आहे, राख आहे, वाळू आहे." आमच्या वावरातली काळी माती मला आठवली. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आषाढात तीच फुगून पायाला चिकटते. इतकी वर्षं मी तिच्यात वावरले, पण ती कधी काळी वाहती आग होती हा विचार कधी पायाखाली जाणवला नव्हता.

परतताना त्यानं तिकडचं सगळं सांगितलं. एटनाच्या उतारावर साधारण १००० मीटर उंचीपर्यंत द्राक्षमळे आहेत. जमीन एवढी उतरती की काळ्या दगडांचे बांध घालून पायऱ्या केल्याशिवाय वेल उभा राहत नाही. जुने वेल तारांवर चढवलेले नाहीत. एकेका खुंटाला धरून झुडपासारखे वाढवलेले. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या एका किडीनं युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, पण ज्वालामुखीच्या वाळूत त्या किडीला वावरता येत नाही, म्हणून इथं कुठं कुठं शंभर वर्षांहून जुने वेल स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. तिथल्या लाल द्राक्षाचं नाव नेरेल्लो मास्कालेझे. 'एटना रोस्सो' म्हणून बाटली विकायची तर त्यात किमान ८० टक्के हे द्राक्ष असावं लागतं. १९६८पासूनचा हा नियम. डोंगरावर थंडी लवकर येते, फळ सावकाश पिकतं, तोड ऑक्टोबरात होते.

बेटावरच्या ज्वालामुखीनं शेतकऱ्याला काय काय शिकवलं आहे, हे ऐकताना मी थक्क होत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेनचं लांझारोते नावाचं बेट आहे. तिथं १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं लाव्हा आणि राख बरसत राहिली. सुपीक शेतं गाडली गेली. लोकांनी राखेत माणूस बुडेल असे खड्डे खणले, खालच्या जुन्या मातीपर्यंत गेले आणि एका खड्ड्यात एक वेल लावला. वाऱ्याच्या बाजूला दगडांचा अर्धगोल बांध घातला. पाऊस तिथं नावालाच. पण ती काळी राख ओल धरून ठेवते आणि उन्हाला ती उडवू देत नाही. हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, "अरे, मग आपली रब्बीची ज्वारी काय वेगळी आहे?" पावसाळा संपल्यावर पेरलेली ती ज्वारी वरून थेंब नसताना केवळ जमिनीतल्या ओलीवर कणसात दाणे भरते. लांझारोतेच्या वेलाला राख सांभाळते, आमच्या ज्वारीला काळी माती. दोघींची आई एकच.

शनिवारी वावरात भरीत ठरलं. आईचं माहेर घाटाखालचं, मलकापूरकडचं. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग. घाट उतरला की बोली बदलते, पाणी बदलतं आणि भरिताचा मान वाढतो. पलीकडे लागलेला जळगाव जिल्हा. तिथल्या भरिताच्या वांग्याला तर २०१६मध्ये भौगोलिक मानांकनच मिळालं. लग्न होऊन घाटावर आली तेव्हा आईनं पदरात तेच बी बांधून आणलं होतं. आमच्या विहिरीजवळच्या दोन सऱ्यांत दरवर्षी तीच वांगी असतात, फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेघा, हाताला हलकी आणि आत बी कमी.

कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या होत्या. त्यांचा जाळ केला. पऱ्हाटीची आग भडकते लवकर आणि निखारा मऊ ठेवते. वांग्यांना तेलाचा हात लावून आईनं ती एकेक करून जाळात ठेवली. कातडी तडकली, काळी पडली, आतून पाणी सुटून निखाऱ्यावर चुर्र झालं. जाळ उतरल्यावर हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या कुड्या त्याच राखेत भाजल्या. सोललेली वांगी लाकडी काठवटीत घेतली, त्यांत मिरची-लसूण ठेचला, कांद्याची पात, सांभार म्हणजे कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि वर कच्चं तेल. शेजारी कळण्याची भाकर. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, किंचित काळसर आणि करकरीत. आई म्हणाली, "मिरची कमी टाकली बरं का. पोराची जीभ आता तिकडची झाली." पोरानं मात्र आणखी मिरची मागितली.

भाच्यानं बाटली रांजणाच्या गारव्याला ठेवली होती. ती उघडून त्यानं स्टीलच्या दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. मला वाटलं होतं, रंग डोळ्यांत भरेल असा दाट असेल. तसा तो नव्हता. पिकत आलेल्या डाळिंबाच्या रसासारखा, उजेडात आरपार दिसणारा. "दिसते फिकी, पण बोलते ठाम," भाचा म्हणाला. आईनं पेला नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला. "चुलीतल्या राखेवर पाणी मारल्यावर येतो न, तसा वास आहे. अन् आंबट बोराचा." पेला खाली ठेवून ती भाकरी वाढायला लागली. तिच्या त्या दोन वाक्यांत वाइनचं इतकं नेमकं वर्णन आलं होतं की भाचा तिच्याकडे बघतच राहिला.

मी एक घोट घेतला. आयुष्यातला पहिला. आधी आंबटपणा आला, मग तुरटपणा. हिरड्या आखडल्या, जीभ कोरडी झाली, जसं अर्धं कच्चं जांभूळ चावल्यावर होतं, तसं. आपल्या मराठीत तुरट हा शब्द किती स्वच्छ आहे हे तेव्हा कळलं. आवळा, हिरडा, सुपारी, जांभूळ, केळफूल. ही चव आपण लहानपणापासून ओळखतो आणि सहा रसांत तिला स्वतंत्र पाट दिला आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत जे टॅनिन असतं ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेची चिकणाई जाते आणि तोंड खरखरीत लागतं, असा त्याचा उलगडा आहे. नुसता घोट मला आवडला नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

"आता भरिताचा घास घे आणि मग प्यायचं," भाचा म्हणाला. मी घास घेतला. वांग्याचा धूर, शेंगदाण्याची स्निग्धता, तेल, मीठ. त्यावर पुन्हा एक छोटा घोट. यावेळी तो खरखरीत लागला नाही. तेलानं आणि मिठानं त्याची धार बोथट केली आणि त्याच्या आंबटपणानं घासाचं तेलकटपण धुऊन नेलं. भरितात आम्ही कधी कधी लिंबू पिळतो, त्याचंच काम इथं घोटानं केलं. आणि धूर! पऱ्हाटीचा धूर वांग्यात होता, आणि आईनं हुंगलेली ती ओली राख वाइनमध्ये. दोन अनोळखी माणसं एकाच गावची निघावीत, तशी ती दोन्ही बोलायला लागली. मी तेवढाच पेला संपवला, पुन्हा घेतला नाही. पण त्या दोन घोटांतलं अंतर मला विसरता येत नाही.

जुळणी म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी उलट बाजूनं समजलं. बाजाराचा दिवस होता. धाकट्या भावानं मटण आणलं. वऱ्हाडी रस्सा, खोबरं आणि कांदा काळपट होईतो भाजून केलेलं वाटण, वर बोटभर लाल तर्री. जगभर तांबड्या वाइनला मांसाची जोड देतात, कारण चरबी आणि प्रथिनं टॅनिनला सांभाळून घेतात. म्हणून भाच्यानं उरलेल्यातली थोडी भावाला दिली. एक घोट घेऊन भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं आणि अल्कोहोल त्याच ग्राहीला आणखी हळवं करून सोडतं. त्यात जीभ कोरडी करणारा तुरटपणा. तिखट दुप्पट झालं आणि वाइनमधलं सगळं नाजूकपण जळून गेलं. तर्रीच्या रश्श्याला ताक हवं, कच्चा कांदा हवा, ज्वारीची भाकर हवी. त्याची जोडी इथं पूर्वीच ठरलेली आहे. जाळीवर भाजलेलं, मीठ आणि लसूण लावलेलं मटण असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. जवसाची चटणी तेल घालून भाकरीबरोबर खाल्ली, तीही वाइनला छान मानवली. ठेचा मानवला नाही. शेगावच्या कचोरीचं नाव भाच्यानं काढलं तेव्हा मात्र आईनं हात वर केला. ती कचोरी दर्शनानंतरची आहे, तिच्याबरोबर चहाच.

त्या रात्री भाच्यानं जे सांगितलं त्यानं मला सर्वांत जास्त हलवलं. कातानियाचा लाडका पदार्थ वांग्याचा आहे. तळलेल्या वांग्याच्या फोडी, टोमॅटोचा रस, तुळशीच्याच गोतातली बेसिलची पानं आणि खारवलेलं चीज, हे सगळं पास्त्यावर घालतात. नाव 'नोर्मा'. कातानियात जन्मलेल्या बेल्लिनी या संगीतकाराच्या १८३१मधल्या ऑपेराचं ते नाव. एटनाची लाल वाइन तिथले लोक याच वांग्याबरोबर पितात. आणि वांगं मूळचं आपल्याकडचं! भारत आणि त्याच्या पूर्वेचा प्रदेश हे त्याचं माहेर. इराणातून ते अरबांकडे गेलं, आणि ८२७मध्ये अरब सिसिलीत उतरले त्यानंतरच्या काळात तिकडच्या मातीत रुजलं. शब्दही बरोबर गेला. संस्कृतातल्या वांग्याच्या नावावरून फारसीत बादिंगान, अरबीत बाधिंजान, आणि तिथून युरोपातल्या कित्येक भाषांत. उलट भरितातली मिरची आणि त्यांच्या ताटातला टोमॅटो हे दोन्ही अमेरिकेतून आलेले पाहुणे; मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. आईनं पदरात बी बांधून घाट चढला, तसंच कुणीतरी, कुठल्यातरी पदरात, कुठल्यातरी पडशीत ते बी बांधून समुद्र ओलांडला असेल. आमच्या काठवटीत त्या शनिवारी जे भेटलं ते परकं नव्हतं. दूर दिलेली लेक माहेरी आली होती आणि येताना सासरचं काही घेऊन आली होती.

मग मी विचारलं, "आपल्याही दगडावर द्राक्षं येतात. आपली वाइन का नाही आणलीस?" नाशिकला त्याची आई, म्हणजे माझी बहीण राहते. महिन्यानं मी तिच्याकडे गेले तेव्हा तो धागा पुढं गेला. दिंडोरीच्या बाजूला शिराझ, काबर्ने सोव्हिनियों या लाल द्राक्षांचे मळे मी पाहिले. जमीन आपल्यासारखीच, बेसॉल्टची, पण टेकड्यांच्या उतारावरची मुरमाड, पाणी न धरणारी. चिबड होणारी भारी काळी जमीन वेलाला सोसत नाही. वेल काटक जातीच्या खुंटावर कलम करतात. एटनाचा वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याला झोप नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोड होते जानेवारी ते मार्चच्या आसपास. नारायणगाव, नाशिक, अकलूज अशा ठिकाणी गेल्या चाळीसेक वर्षांत हा उद्योग उभा राहिला. राज्यानं २००१मध्ये त्यासाठी धोरण आखलं. बुलढाण्याला असे मळे नाहीत. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं मात्र पाणलोटाची कामं करून, शेततळी बांधून कोरडवाहू गावाचं द्राक्षांचं गाव केलं. ती द्राक्षं खायची. पण आपल्या या पट्ट्यातला दगड काय देऊ शकतो, हे कडवंचीनं दाखवून दिलं आहे.

२०२२च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचा निर्णय सरकारनं घेतला आणि त्याला मोठा विरोध झाला. तेव्हा मला माझ्याजवळ पैसे ठेवणाऱ्या त्या मुलीची भीती कळत होती, आणि नाशिकच्या बागायतदाराची आशाही कळत होती. आज विचारलं तर मी त्या मुलीच्या बाजूनं उभी राहीन. तेल-मिठाच्या शेजारी बाटली ठेवायला आमची गावं तयार नाहीत. पण एटनाकडून घ्यायचं ते पेय नाही, दुसरंच काही आहे, असं मला हळूहळू उमगत गेलं.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. वाइनमध्ये दगडाची चव उतरते असं बोललं जातं, ते शब्दशः खरं नाही. मुळं दगड चाखत नाहीत. दगड ठरवतो तो पाणी किती थांबेल, मूळ किती खोल जाईल, जमीन कधी तापेल आणि कधी निवेल. फळाचा स्वभाव त्यातून घडतो. उरलेलं माणूस करतो. कुठला वेल लावायचा, कधी तोडायचा, कशाबरोबर खायचा, हे पिढ्यान् पिढ्या बघून, चुकून, लक्षात ठेवून. चव म्हणजे लक्षात ठेवणं आहे. त्या रिकाम्या बाटलीवरच्या लेबलावर मला हेच दिसलं. त्यावर डोंगराचं नाव होतं, द्राक्षाचं वर्ष होतं आणि खाली बारीक अक्षरांत वावराचं नाव होतं. एटनावर अशी शंभराहून अधिक शिवारं नावानिशी नोंदलेली आहेत. कुठल्या लाव्ह्याच्या लोंढ्यावर कुठलं शिवार आहे, हे तिथला शेतकरी सांगतो आणि त्या नावावर चार पैसे अधिक मिळवतो.

आमच्याही वावरांना नावं होती. चिंचेचं वावर, बरडाचं वावर, खारीचं, पांदीकडचं, विहिरीजवळचं. माझे वडील धान्याची मूठ हुंगून ती कुठल्या वावरातली हे सांगत. बरडातली तूर लवकर शिजते, खारीतला हरभरा चवीला वेगळा, हे त्यांना ठाऊक होतं. आता सातबाऱ्यावर गट क्रमांक आहे. आमचं सोयाबीन आणि कापूस बाजार समितीत बिननावाचे जातात आणि बिननावाच्या मालाला जो भाव मिळतो तोच त्यांना मिळतो. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यानं हाय खाऊन जीव दिल्याच्या बातम्या येतात, तिथं चवीची गोष्ट करणं चैनीचं वाटेल. मला ते तसं वाटत नाही. नाव गेलं की किंमत जाते आणि किंमत गेली की वावर हातचं जातं. जळगावच्या वांग्याला नाव मिळालं ते कुणीतरी ते बी, ती माती आणि ती राखेतली चव लिहून ठेवली म्हणून.

ही गोष्ट मी त्यासाठीच लिहिते आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला वावरांची नावं विचारा. कुठल्या तुकड्यात काय चवीला येतं ते विचारा आणि वहीत लिहा. बी विकत घेण्याआधी कणगीत, उतरंडीत, पदराच्या गाठीत काही उरलं आहे का ते पाहा.

एटनाचा दगड आता आमच्या पाट्याशेजारी असतो. आई चटणी वाटताना तो पाट्याखाली टेकू म्हणून लावते. विहिरीजवळच्या सरीत तिनं दोन वांगी तोडली नाहीत. ती आता पिवळी झाली आहेत. त्यांचं बी राखेत घोळून ठेवायचं आणि मृग लागला की वाफ्यात टाकायचं आहे.